मधुमेहात डोळ्यांना धोका किती, हे आपल्याच फाइलमधून कसं ओळखायचं

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बाहुली मोठी करणं आणि मग डोळ्याच्या आतल्या पडद्याचे (रेटिनाचे) फोटो काढणं हे माझं रोजचं काम. खुर्चीत बसता बसता मधुमेही माणूस हमखास म्हणतो, "मला तर सगळं स्वच्छ दिसतं, उगीच पाठवलंय." एका काकांनी तक्त्यावरची शेवटची ओळ न अडखळता वाचली होती. अर्ध्या तासाने त्यांच्या पडद्याचा फोटो स्क्रीनवर आला. टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके, आणि मधल्या भागाला खेटून मेणासारख्या पिवळ्या कणांची अर्धगोल रांग. लाल म्हणजे फुगलेल्या केशवाहिन्या आणि झिरपलेलं रक्त. पिवळं म्हणजे गळक्या वाहिन्यांतून बाहेर येऊन साचलेली चरबी. आपण अक्षरं वाचतो, चेहरे ओळखतो ते पडद्याच्या मधल्या भागाने, म्हणजे मॅक्युलाने. गळती तिथवर पोचत नाही तोवर बहुतेकांना काहीच जाणवत नाही.

म्हणून नजरेवर विसंबू नका. रिपोर्टांची फाइल काढा आणि एक कोरा कागद घ्या.

सगळ्यात वर मधुमेह कळला ते वर्ष लिहा. जितकी वर्षं जास्त, तितका पडद्याला धोका जास्त. टाइप २ मधुमेह कळण्याआधी काही वर्षं शरीरात गुपचूप असू शकतो, त्यामुळे निदानाच्या वेळीच काहींच्या पडद्यावर खुणा सापडतात. पहिली तपासणी निदान झाल्या झाल्या करायची ती याचसाठी.

त्याखाली गेल्या दोन-तीन वर्षांचे एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचे आकडे, तारखांसकट उतरवा. तपासणीच्या आदल्या आठवड्यात पथ्य पाळून आणलेली उपाशीपोटीची शुगर इथे उपयोगाची नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात एचबीए१सी १ टक्क्याने कमी असेल, तर डोळे-किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ३७ टक्क्यांनी कमी दिसला.

शेजारी बीपी लिहा. शुगरच्या काळजीत लोक बीपीला विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्याच अभ्यासात एका गटाचं बीपी सरासरी १४४/८२ राखलं गेलं, दुसऱ्याचं १५४/८७ राहिलं. एवढ्याशा फरकाने पडद्याचा आजार वाढण्याचा धोका साधारण एक तृतीयांशाने घटला.

मग लघवीतल्या अल्ब्युमिनचा, म्हणजे लघवीतून जाणाऱ्या प्रथिनाचा रिपोर्ट शोधा. किडनीच्या बारीक वाहिन्या गळू लागल्या असतील, तर डोळ्यांकडेही लगेच बघायला हवं. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड, कमी हिमोग्लोबिन, सिगारेट, यांचीही नोंद करा. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तेही लिहा, कारण त्याने शरीरात पाणी साठतं आणि काहींच्या मॅक्युलाला सूज येऊ शकते.

आता एक गोष्ट, जी ऐकून माणसं दचकतात. बरीच वर्षं चढलेली शुगर काही महिन्यांत झपाट्याने खाली आली, तर आधीच बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. इन्सुलिन सुरू केल्यावर हे दिसतं. सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीतही पडद्याचे त्रास जास्त आढळले. पण म्हणून औषध सोडायचं नाही. शुगर ताब्यात राहण्याचा फायदा पुढे मिळतोच. फक्त मोठा बदल करण्याआधी पडदा तपासून घ्या आणि पुढची तपासणी कधी, ते विचारा. गरोदरपणातही पडदा लवकर बिघडू शकतो. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईने दिवस जाण्याआधी, नाहीतर पहिल्या तीन महिन्यांत डोळे दाखवावेत.

हा कागद घेऊन जाल तेव्हा "पडदा बघायचाय, थेंब घालून" असं स्पष्ट सांगा. माझी आई दर वर्षी चष्म्याचा नंबर काढून यायची आणि "डोळे तपासले" म्हणायची. मी या कामाला लागले तेव्हा कुठे कळलं, की तिचा पडदा कुणी पाहिलेलाच नव्हता. पुढे लेझर करावं लागलं. शिवाय शुगर वर-खाली होत असेल तर नंबरही बदलत राहतो, तेव्हा ती काही आठवडे स्थिर झाल्यावरच नवा चष्मा करा.

पडदा साफ निघाला तर सहसा वर्षाने पुन्हा. खुणा असतील तर डॉक्टर सांगतील त्या तारखेला, एकही तारीख न चुकवता. मात्र डोळ्यासमोर अचानक काळे धागे किंवा जाळी तरंगू लागली, समोर कुणी पडदा ओढल्यासारखं वाटलं किंवा मधोमध अंधूक डाग आला, तर त्याच दिवशी जा.

थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो. गाडी चालवत येऊ नका. गडद चष्मा आणा, सोबत कुणीतरी आणा. आणि फोटो काढून झाला की तो स्क्रीनवर दाखवायला सांगा. मला कुणी विचारलं की मी खुर्ची वळवून, एकेक ठिपका बोटाने दाखवते.