आठवड्याची राखीव मुभा पूर्ण वापरावी का?

वजन कमी करताना रोज 1500 कॅलरी आणि त्याखेरीज आठवड्यासाठी 1000 कॅलरी राखीव, असा हिशेब ठरवला असेल, तर ती राखीव मुभा मूळ आराखड्यातच धरलेली असते. म्हणून ती संपवल्याने वजन उतरणे थांबत नाही. मात्र भूक नसताना, केवळ उरली आहे म्हणून, ती रविवारी रात्री संपवू नये आणि पुढच्या आठवड्यातही ओढू नये.

आपल्याकडे लातूर-धाराशिवच्या शेतांत वेळ अमावस्येच्या सणाला भज्जी, उंडे, खीर आणि आंबील समोर येते, तेव्हा ताटावर उपाशी बसणे मला योग्य वाटत नाही. त्या आठवड्यात मुभा आधीपासून जपून ठेवावी आणि त्या दिवशी मनापासून जेवावे. दुसऱ्या दिवशी काटा थोडा वर दिसला तरी घाबरू नये, कारण मिठामुळे शरीरात पाणी साठते.

खरी गफलत तेलात होते. एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात, त्यामुळे धपाट्यांवर सोडलेले तेल आणि शेंगदाण्याच्या चटणीवरची धार न मोजल्यास मुभा नकळत संपते. तीन-चार आठवडे वजन हललेच नाही, तर आधी हे मोजमाप तपासावे आणि मगच मुभा निम्मी करावी. मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारूनच हे करावे.