सिनेमा, कादंबरी, दंतकथा यांच्या मागं साताऱ्या-सांगलीत येताय? या चुका टाळा

पाहुण्यांना सातारा-सांगली फिरवणं हा माझा धंदाही आहे आणि हौसही. त्यात एक जमात वेगळीच असते. सिनेमा बघून, कादंबरी वाचून, नाहीतर कुणाच्या तोंडून खजिन्याची गोष्ट ऐकून आलेली. ही मंडळी मला मनापासून आवडतात, पण त्यांच्या चुका इतक्या ठरलेल्या असतात की गाडीत बसतानाच कोण काय करणार ते कळतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोष्ट घडली कुठं आणि शूटिंग झालं कुठं, यातली गल्लत.

वाईजवळचं मेणवली घ्या. ‘स्वदेस’चं (२००४) बरंच चित्रीकरण इथलं, पण त्यातलं चरणपूर उत्तर प्रदेशातलं. ‘दबंग’मधलं लालगंजही तिकडचंच, आणि कॅमेरा लागला तो वाईत. कृष्णाकाठानं हिंदी सिनेमाला आख्खा उत्तर प्रदेश पुरवलाय! एकदा मुंबईहून एक ग्रुप आला. मोबाईलमध्ये सिनेमातली चित्रं काढून ठेवलेली, प्रत्येक चौकट जुळवायची होती. त्यातही त्यांना ‘स्वदेस’मधलं पोस्ट ऑफिस हवंच होतं. पारावर बसलेल्या एका आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, “पोस्ट व्हय? ते वाईत. बिगीनं जावा, बंद हुईल.” मी समजावलं की शूटिंगसाठी उभं केलेलं शूटिंग संपलं की उतरवतात. पटेना. गल्ल्या पालथ्या घालण्यात दुपार गेली, दोन घरांच्या अंगणात न विचारता शिरले, एका बाईनं झाडूच उगारला. अंधार पडला आणि परत निघाले.

घाटावरच्या मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली घंटा त्यांनी पाहिलीच नाही. कडेवर बाळ येशू घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल त्या घंटेवर कोरलेलं आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतली ही पोर्तुगीज घंटा. नाना फडणवीस जन्मले १७४२ ला आणि त्यांचा इथला वाडा त्यानंतरचा, त्यामुळं “नानांनी १७०७ ला बसवली” असं कुणी सांगितलं तर नुसती मान डोलवा. माझा क्रम ठरलेला आहे: आधी घाट, मग घंटा, मग वाडा, आणि सिनेमा चहा पिताना. वाडा खासगी मालकीचा आहे, उघडा आहे का ते आधी विचारून घ्या.

याच चुकीची उलटी बाजू आटपाडीकडं. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) सगळ्यांना माहीत असतो, पण त्याची प्रेरणा ज्या खुल्या तुरुंगातून आली ते स्वतंत्रपूर आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे, हे सांगितलं की लोक माझ्याकडंच संशयानं बघतात. औंध संस्थानानं १९३९ मध्ये कैद्यांना भिंतीआड न ठेवता शेतीत राबवून माणसात आणायचा प्रयोग इथं सुरू केला. मॉरिस फ्रीडमन हे परदेशातून आलेले गृहस्थ त्यामागं होते. मात्र तिथं कैदी कुटुंबासह राहतात. परवानगीशिवाय कॅमेरा घेऊन जायची ती जागा नव्हे.

पुस्तकवाल्यांचा हट्ट वेगळा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. ती वाचून माणदेशात येतात आणि टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावर वाढलेल्या डाळिंबाच्या बागा बघून हिरमुसतात. माळ कुठं गेला म्हणे! अहो, माणदेशानं तुमच्या वाचनासाठी तहानलेलंच राहायचं का? वाटेगावला अण्णाभाऊ साठ्यांच्या गावी जाणाऱ्यांनाही तेच सांगतो: ‘फकिरा’ घरून वाचून या, गाडीत सारांश मागू नका.

आता भुयार. या विषयावर माझा पारा चढतो, म्हणून आधीच माफी.

अजिंक्यतारा ते सज्जनगड भुयार आहे, अशी गोष्ट प्रत्येक पोरानं ऐकलेली असते. मधली दरी बघा, ओढे बघा, सज्जनगडाखालून वाहणारी उरमोडी बघा, आणि सह्याद्रीचा काळा पत्थर हातानं चाचपून बघा. गडावर भुयार म्हणून दाखवतात ते बहुतेक वेळा खडकात खोदलेलं पाण्याचं खांबटाकं असतं, कोठार असतं, नाहीतर चोरदरवाजाची वाट. तरी कुणीतरी मोबाईलची बॅटरी लावून सरपटत आत घुसतोच. बंद पोकळीत हवा कुबट असते, वटवाघळं असतात, साप असतो. आग्या मोहोळ जवळ असेल तर अत्तर, धूर आणि आरडाओरडा यांनी पळता भुई थोडी होते. माझ्या गाडीत अत्तर मारून आलेल्याला मी पायथ्याशीच बसवतो. रागवा खुशाल. खजिन्यासाठी पहार घेऊन येणाऱ्यांबद्दल तर बोलायचीच सोय नाही. तो गुन्हा आहे, आणि त्यांनी उकरलेले चिरे पुन्हा कुणी बसवत नाही.

बाकी किरकोळ. साताऱ्याचे शाहू (१६८२–१७४९) म्हणजे संभाजीराजांचे पुत्र. राजर्षी शाहू (१८७४–१९२२) कोल्हापूरचे. संगम माहुलीला साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे, तो रायगडचा वाघ्या नव्हे. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवरचा शिलालेख वाचताना शके १६४१ ला इसवी सन समजू नका, ७८ मिळवा, म्हणजे १७१९ येतं. आणि नाव बारा मोटेचं असलं तरी मोटा पंधरा चालत. काठावर रील करू नका. वासोटा किल्ला पावसाळ्यात बंद असतो. ताई तेलिणीनं तिथं बापू गोखल्यांना झुंजवलं ती गोष्ट कितीही आवडली असली तरी तिकडं नेणारी बामणोलीची होडी तेव्हा सुटत नाही.

शेवटी वाघनखं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती २०२४ च्या जुलैत साताऱ्यात आली आणि तेव्हापासून सगळे विचारतात, “हीच का ती शिवरायांची?” ते संग्रहालय स्वतः तसा दावा करत नाही. १८१८ मध्ये साताऱ्याचा रेसिडेंट झालेल्या ग्रँट डफकडून ती विलायतेत गेली, एवढा माग लागतो. ती तीन वर्षांच्या उसनवारीवर आली आणि दुसऱ्या शहरांतही दाखवायची ठरली. तेव्हा पोरांना कबूल करण्याआधी सध्या कुठं आहेत ते साताऱ्याच्या संग्रहालयाला फोन करून विचारा. मला नको.