वणव्याआधी आणि वणव्यानंतर: माळावरची रानफुलं राखायची रीत

डोंगर पेटवला की पुढच्या पावसात गवत जोमानं येतं, हा समज मावळापासून माणदेशापर्यंत पक्का आहे. वाळकं गवत जळून गेल्यावर हिरवे कोंब लवकर नजरेत भरतात, तेवढं खरं. पण दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर माजते ती बहुतेक कुसळी हे गवत. पवन्या, मारवेल ही गवतं मागे पडतात.

कारण कुसळीच्या बीमध्येच आहे. एक बी उचलून पाहा. एका टोकाला सुईसारखी नोक, तिच्यावर मागे वळलेले राठ केस आणि दुसऱ्या टोकाला दोन ठिकाणी वाकलेलं, पिळलेलं काळपट शेपूट. तळहातावर ठेवून शेपटावर पाण्याचा थेंब टाकला की पीळ सुटतो आणि बी फिरायला लागतं. माळावर हेच रोज घडतं. दव पडलं की पीळ उलगडतो, ऊन लागलं की पुन्हा बसतो, आणि मागे वळलेल्या केसांमुळे बी मागे सरकत नाही, प्रत्येक फेरीत थोडं आत शिरतं. मार्चमध्ये आग येते तोवर ते मातीत गेलेलं असतं. तेरड्याचं, सोनकीचं बी मातीवर उघडंच पडलेलं असतं, ते भाजून निघतं.

गवताची आग झपाट्यानं पुढे जाते, म्हणून दोन-तीन सेंटिमीटरखाली मातीला फारशी झळ लागत नाही. रानहळद, कळलावी, काळी मुसळी, आभाळी, हबे आमऱ्या (रानातली ऑर्किडं), कंदीलपुष्पं ही सगळी उन्हाळ्यात कंदाच्या रूपात जमिनीखाली असतात. एखादा वणवा ती सहज पचवतात. त्यांचा खरा घात करतात ते फावडं, जेसीबी आणि तोडलेल्या फांद्यांचे ढीग, कारण ढीग तासन्‌तास धुमसतो आणि खालचा कंद शिजवतो. रानकांदा उन्हाळ्यात पानं नसतानाच फुलतो. त्याचा कांदा वाचतो, पण त्या वर्षीची फुलं आणि बी जातं. भारंगी, धायटी बुंध्यापासून पुन्हा फुटतात, मात्र दरवर्षी जाळलं तर खुरटतात.

काही वनस्पती तर आगीनंतर पुन्हा फुलतात. तळेगाव दाभाड्याच्या माळावरच्या डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा या नव्या जातीची नोंद पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. ती पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत एकदा फुलते आणि माळ जळाला की मे-जूनमध्ये मुळाच्या लाकडी गड्ड्यातून बुटके फुटवे काढून पुन्हा फुलते. तेव्हा ‘आग म्हणजे नाश’ एवढ्यावर हा विषय संपत नाही. प्रश्न असतो किती वर्षांनी, कोणत्या महिन्यात आणि किती क्षेत्रावर, हा. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या वणव्यांची काडी माणसाच्या हातची असल्यामुळे या तिन्ही गोष्टी पुष्कळशा आपल्याच हातात आहेत.

जाळरेषा

जाळरेषा म्हणजे आग अडवण्यासाठी वाळकं गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. त्यामुळे वनजमीन असेल तर आधी वनरक्षकाला आणि गावच्या वन व्यवस्थापन समितीला सोबत घ्या. खाजगी माळ असला तरी शेजारच्या वनहद्दीत ठिणगी गेली की जबाबदारी तुमचीच. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, तोवर रेषा पुरी झालेली हवी.

सुरुवात ऑक्टोबरअखेर एका फेरफटक्यानं करा. आग कुठून येऊ शकते ते नकाशावर मांडा: रस्त्याची कड, भातरोपांसाठी राब भाजायची खाचरं, बांध पेटवले जातात ती शेतं, पार्टीवाल्यांच्या चुलीच्या जागा, डोंगरावरच्या देवळाची वाट, लोंबणाऱ्या विजेच्या तारा. रेषा या जागांच्या आणि माळाच्या मधे घ्यायची. पायवाट, बैलगाडीचा रस्ता, उघडा कातळ, ओढ्याचं पात्र जिथे मिळेल तिथे ते जोडून घेतलं की निम्मं काम वाचतं. सरळ चढावर उभी रेषा टाळा. पावसात तिची घळ होते.

कापणीची वेळ फुलं ठरवतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापलं तर तेरडा, कवला, सोनकी बी न टाकताच जातात. जानेवारीत कापायला घ्यावं तर गवत इतकं वाळलेलं असतं की कटरचं पातं दगडावर आपटून उडालेली ठिणगीही पुरते. मावळ, मुळशी, भोर भागात नोव्हेंबरचा उत्तरार्ध बरा. दौंड, माण, खटावच्या कोरड्या पट्ट्यात दिवाळी झाली की लगेच.

गवत गुडघ्याइतकं असेल तर तीन मीटर रुंदी पुरते, कमरेइतकं असेल तर पाच-सहा मीटर हवी. रेषेखालून चढण असेल, तर आणखी दोन मीटर वाढवा, कारण चढावर ज्वाला पुढे झुकते. विळ्यानं किंवा ब्रशकटरनं जमिनीपासून सात-आठ सेंटिमीटरवर कापा. माती उघडी पाडायची गरज नाही, बुडखे आणि मुळं राहू द्या. मग दाताळ्यानं गवत ओढून रेषेबाहेर न्या, भारे बांधून गुरांना द्या. कापलेलं गवत रेषेतच सोडणं ही नेहमीची चूक. अशी रेषा म्हणजे आगीला अंथरलेली वातच.

पट्टा जाळायचा असेल तर तो वनखात्याच्या माणसांच्या देखरेखीखाली. दोन्ही कडांना दीड-दोन मीटर कापून, झाडून घ्यायचं आणि मधला पट्टा डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, दव पुरतं उडण्याआधी, वारा नसताना, वरून खाली जाळत आणायचा. अकराच्या आत काम संपवायचं. सकाळी उशिरापासून वारा चढाकडे वाहू लागतो, तेव्हा आग हाताबाहेर जाते.

रेषा एकदा काढली की झालं, असं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग, मोई, सालईची पानगळ तिच्यावर पडते, म्हणून मे अखेरपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी झाडावी लागते. ब्लोअर असेल तर हे काम झटक्यात होतं. वाळकं शेणही उचला. ते आतून रात्रभर धुमसतं आणि ज्वाला न दिसता आग पलीकडे नेतं. ओढ्याची घळ रेषेला छेदते तिथे दुप्पट रुंदी ठेवा. घळीतून हवा धुरांड्यासारखी वर खेचली जाते आणि रेषा फुटते ती बहुतेक तिथेच.

जेसीबी फिरवून रेषा काढायचा मोह होतो. त्यात कंद उलथतात, पावसात माती वाहते आणि उघड्या मातीवर गाजरगवत, रानमारी, कॉसमॉस येतं. केशरी कॉसमॉसचे फोटो ‘आमच्या डोंगरावरची रानफुलं’ म्हणून फिरतात. ते मूळचं मेक्सिकोकडचं आहे, सीडबॉलमध्ये (बी भरलेल्या मातीच्या गोळ्यांत) तर मुळीच घालू नका.

आग लागलीच तर

आधी १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर किंवा ११२ वर कळवा, मग हात लावा. सुती, अंगभर कपडे, चामडी बूट. नायलॉन अंगाला चिकटतं. आगीच्या तोंडासमोर, चढाच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका. जळून काळ्या झालेल्या बाजूनं कडेकडेनं पुढे सरका. निर्गुडीची किंवा हाताशी असेल ती हिरवी, पानांची फांदी ज्वालेवर दाबून काळ्या बाजूकडे ओढायची. उचलून झोडपली की ठिणग्या उडतात. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप ज्वाला विझवण्यापेक्षा मागच्या धुमसत्या बुडख्यांना जास्त उपयोगी. विझल्यावर दोन-तीन तास कड सोडू नका.

जळाल्यानंतर

इथे उत्साह नडतो. काळा डोंगर पाहिला की लोक खड्डे खणून गिरिपुष्प नाहीतर सुरू लावायला धावतात. गवताळ माळाची फुलं उन्हात वाढणारी आहेत. गर्द सावली झाली की ती जातात, आणि हे नुकसान वणव्यापेक्षा टिकाऊ असतं. राख तशीच राहू द्या, खणू नका. पहिल्या पावसापासून ऑगस्टअखेर चराईबंदी पाळा. कोवळा फुटवा गुरांना आवडतो आणि तो खुडला गेला की मुळांतला साठा संपतो. उताराची माती वाहत असेल तर समतल रेषेवर हाताएवढ्या दगडांची बुटकी ओळ पुरे.

बी टाकायचं असेल तर ते त्याच डोंगराचं, शेजारच्या न जळालेल्या भागातून, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा केलेलं. दहा झाडांमागे एकाचंच घ्या. तेरड्याचं बोंड हात लागताच फुटतं, म्हणून फुगून पिवळसर झालेलं बोंड आधी पिशवीत घेऊन मग तोडा. सोनकीचं बी केसाळ, वाऱ्यावर उडणारं. बोंडं उमलू लागली की दुपारी, कोरड्या हवेत कागदी पिशवीत झटका. सावलीत आठवडाभर वाळवून कापडी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. खुळखुळ्याचं आणि इतर शेंगवर्गीय बी टणक असतं. आगीच्या उष्णतेनं त्याचं कवच तडकतं, ते काम घरी वाळूकागदावर हलकं घासून होतं. घासलेलं बी रात्रभर पाण्यात ठेवा, फुगलेलं तेवढंच पेरा. पेरणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस बसल्यावर. चौरस मीटरला दोन ग्रॅम बी, दहापट चाळलेल्या मातीत मिसळून फेकायचं आणि दाताळ्याची पाठ फिरवायची. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल गाडलेलं बारीक बी उगवत नाही. कंद उपटून लावू नका, कंदीलपुष्पांचे तर नाहीच.

पुढच्या वर्षापासून सगळा माळ एकदम राखू नका आणि एकदम कापूही नका. निम्म्या भागातलं गवत नोव्हेंबरअखेर कापून न्या, निम्मं उभं ठेवा, दुसऱ्या वर्षी अदलाबदल करा. वाळकं गवत वर्षानुवर्षं साठलं की एक दिवस येणारी आग फार तापते आणि दाट गवताखाली बारकी फुलं गुदमरतात.

फरक पडतोय का, ते मोजायला दोरीचा एक मीटर चौकोन पुरतो. जळालेल्या भागात पाच आणि न जळालेल्या भागात पाच जागांना रंगवलेले दगड ठेवा. जुलैच्या मध्यावर आणि सप्टेंबरच्या मध्यावर त्याच जागी चौकोन टाकून जाती मोजा. कुसळीनं किती भाग व्यापला तेही वेगळं लिहा. कंदवाल्या जुलैत दिसतात, वर्षायू फुलं सप्टेंबरात, म्हणून एकच फेरी केली तर निम्म्या जाती वहीत येतच नाहीत.