खान्देशात ब्रसेल्स स्प्राउट्स लावताय? या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी दिवाळी झाल्यावर बी टाकलं. संक्रांतीला झाडं नुसती पानांनी डवरली होती. शेजारच्या आजी कुंपणावरून विचारायच्या, "हाई काय शे?" मी म्हणायचे, कोबीची पिल्लं येणार आहेत; ब्रसेल्स स्प्राउट्सच्या खोडाला छोट्या कोबीसारखे गोळे लागतात ना. पिल्लं आली मार्चच्या तोंडावर, तीही गुलाबासारखी पाकळ्या सुटलेली. घट्ट गोळा एकही नाही.

चूक तारखेची होती. या पिकाला १५ ते १८ अंशांचा गारवा लागतो आणि लागणीनंतर गोळे धरायला ९० ते १२० दिवस. जळगाव-धुळ्याकडे थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारी, त्यातही खरी थंडी रात्रीचीच. म्हणून उलटं मोजायचं: जानेवारीत तोडणी हवी, तर पोळ्याच्या सुमारास बी आणि सप्टेंबर संपता संपता लागण. बियाणं घेताना पाकिटावरचे दिवस वाचा, कमी दिवसांचं वाण घ्या. तोरणमाळसारख्या उंचावर राहणाऱ्यांना एवढी घाई नाही.

पोळ्याला बी टाकलं की पावसाशी गाठ पडते. आमच्या काळ्या मातीत सपाट वाफ्यावर टाकलेली रोपं एका झडीत बुडाशी कुजून आडवी झाली. आता ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालते, वर जुनी साडी बांधते. ऑक्टोबरच्या उन्हातही तीच साडी दुपारी रोपांवर ओढते.

लागण करताना माती भुसभुशीत ठेवायची सवय वांग्या-मिरचीला ठीक. इथे रोपाभोवती माती पायाने दाबून घट्ट करा. झाड हललं की गोळे सैल होतात. दोन रोपांत दीड-दोन फूट ठेवा आणि महिन्याभराने बुडाला भर द्या. शेणखत लागणीपूर्वी भरपूर चालतं. युरियाचा मोह मात्र आवरा. नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं.

खोड आतून पोकळ आणि तपकिरी निघालं तर बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी पडलेलं असू शकतं. चुनखडीच्या जमिनीत हे जास्त होतं. लिटरभर पाण्यात १ ग्रॅम बोरॅक्स विरघळवून पानांवर फवारा. हात सैल सोडू नका, जास्तीचा बोरॉन झाडाला विषच.

मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, हा खरा वैरी. एकदा मी गोळा चिरला, तर पापुद्र्यापापुद्र्यात राखाडी किडे. सगळा ढीग गायीला गेला. गोळे बांधायच्या आधीच दर आठवड्याला पान उलटून बघा. दिसला की पाण्याचा जोरदार फवारा, मग ५ टक्के निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी. कडेला मोहरीची एक ओळ पेरली तर पानं कुरतडणारी अळी बरीचशी तिकडे वळते.

शेंडा खुडायला माझा जीव धजत नव्हता. खालचे गोळे बोराएवढे झाले की शेंडा खुडायचा, म्हणजे वरचेही लवकर भरतात. आपल्याकडे थंडीचे दिवस मोजके, म्हणून हे टाळू नका. पिवळी पडलेली खालची पानं तेवढी काढा, हिरवी राहू द्या.

आणि दुकानातल्या आकाराची वाट बघू नका. इंचभर, दाबून कडक लागला की तोडा, खालून वर. मी उभे दोन तुकडे करून लसूण-हिरव्या मिरचीच्या ठेच्यात, शेंगदाण्याच्या तेलावर खरपूस परतते. आजी आता नाव विचारत नाहीत, वाटी घेऊनच येतात.