चिपट्यूनचा श्रोता कुठे आहे आणि त्यातून मिळकत कशी उभी करावी

जुन्या गेम कन्सोलमधल्या आणि घरगुती संगणकांमधल्या ध्वनी-चिपवर, किंवा त्या चिपची हुबेहूब नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर रचलेल्या संगीताला चिपट्यून म्हणतात. १९८२ मध्ये आलेल्या कमोडोर ६४ च्या सिड चिपमध्ये एका वेळी वाजणारे तीन आवाज होते, १९८९ च्या गेम बॉयमध्ये चार आणि निन्टेंडोच्या एनईएस या कन्सोलमध्ये पाच. एवढ्याच आवाजांत ताल, खर्ज, साथ आणि मुख्य चाल बसवावी लागते. ते कसे बसवायचे हे शिकवणारे व्हिडिओ आता मुबलक आहेत. या लेखाचा विषय त्यापुढचा आहे: तयार झालेले संगीत कोण ऐकते, त्यासाठी पैसे कोण मोजते आणि महाराष्ट्रात घरी बसून रचना करणाऱ्याने त्या पैशापर्यंत कसे पोहोचावे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. निव्वळ या आवाजाच्या ओढीने ऐकणारा वर्ग लहान आहे, मात्र तो विकत घेऊन ऐकतो. मोठा वर्ग खेळांच्या वाटेने येतो. म्हणून मिळकतीचा विचार करताना गेम हा केंद्रस्थानी ठेवावा आणि बाकीच्या वाटा त्याला जोडून घ्याव्यात.

आधी श्रोता नीट ओळखावा. सर्वांत जुना आणि सर्वांत चोखंदळ वर्ग डेमोसीनचा आहे. १९८० च्या दशकात उत्तर आणि पश्चिम युरोपातील तरुण संगणकांवर छोटे दृक्‌श्राव्य कार्यक्रम रचून एकमेकांशी चुरस करत असत आणि त्यांच्यासाठी लागणारे संगीत ट्रॅकर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिले जाई. १९८७ मध्ये कार्स्टेन ओबार्स्की यांनी अमिगा संगणकासाठी तयार केलेला अल्टिमेट साउंडट्रॅकर हा त्या परंपरेचा पाया. ही परंपरा अजून जिवंत आहे. हेलसिंकीचे असेंब्ली आणि जर्मनीत सारब्रुकेन येथे भरणारे रिव्हिजन हे तिचे मोठे मेळावे आहेत. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले. या मंडळींकडून पैसा फारसा मिळत नाही, कारण तिथे संगीत मोफत वाटण्याची रीत आहे. पण त्यांच्याकडून मिळणारी पारख अनमोल आहे, आणि नवख्याने पहिले वर्ष त्यांच्या सहवासात घालवावे असे मला मनापासून वाटते. ‘बॅटल ऑफ द बिट्स’ या संकेतस्थळावर सतत स्पर्धा चालू असतात. ठरलेल्या चिपसाठी ठरलेल्या मुदतीत रचना द्यावी लागते आणि इतर रचनाकार गुण देतात. आपली रचना कुठे कमी पडते हे तिथे लवकर कळते.

दुसरा वर्ग खेळाडूंचा, आणि व्यवहाराच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. न्यूयॉर्कच्या अनामानागुची या बँडने एनईएसच्या आवाजांना गिटार आणि ड्रमची जोड दिली होती, पण त्यांचे नाव दूरवर गेले ते २०१० मधील स्कॉट पिलग्रिमच्या गेमला दिलेल्या संगीतामुळे. २०१३ मध्ये त्यांनी नव्या अल्बमसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ५० हजार डॉलर मागितले आणि अडीच लाखांहून अधिक जमा झाले. गेम बॉयवर रचना करणाऱ्या उत्तर आयर्लंडच्या चिपझेलची ओळख २०१२ च्या सुपर हेक्सागॉन या गेममुळे रुंदावली. २०१४ च्या शॉवेल नाइट या गेमसाठी जेक कॉफमन यांनी कोनामीच्या जुन्या व्हीआरसी६ चिपच्या मर्यादा पाळून संगीत दिले, तेव्हा ते ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना चिपचे नावही ठाऊक नसावे. गेम आवडला म्हणून संगीत आवडले आणि संगीत आवडले म्हणून ते वेगळे विकत घेतले, असा हा क्रम आहे.

आपल्याकडे १९९० च्या दशकात घरोघरी आलेल्या स्वस्त टीव्ही गेममुळे, सामुराई, लिटल मास्टर अशा नावांच्या नक्कल-कन्सोलमुळे, एक पिढी या आवाजावर वाढली आहे. नाइन्टी-नाइन-इन-वनची कॅसेट फुंकर मारून बसवणाऱ्या त्या मुलामुलींना काँट्रा आणि मारिओच्या चाली आजही पाठ आहेत. ही आठवण खरी आणि हळवी आहे, तरी तिला बाजार समजू नये. आठवणीने सुखावलेला माणूस व्हिडिओ पाहतो, मित्राला पाठवतो आणि तिथेच थांबतो. त्याच्यासाठी जुन्या गेमच्या चाली वाजवून ठेवण्यात आणखी एक अडचण आहे: त्या चालींचे हक्क कंपन्यांकडे आहेत, त्यामुळे अशा व्हिडिओवरची कमाई बहुधा आपल्या हाती येत नाही. स्वतःची रचना करावी हेच हिताचे.

साधने निवडताना, आपण कोणत्या श्रोत्यासाठी लिहीत आहोत हे पाहावे. डेमोसीनच्या आणि गेम बॉय मंचावर वाजवणाऱ्यांच्या वर्तुळात खऱ्या यंत्राला मान आहे. तिथे योहान कोटलिन्स्की यांचे लिटल साउंड डीजे किंवा ऑलिव्हर विटखॉव यांचे नॅनोलूप हे गेम बॉयवर चालणारे संगीत-सॉफ्टवेअर शिकावे. गेम बनवणाऱ्याला मात्र आवाज कोणत्या यंत्रातून निघाला याच्याशी फारसे कर्तव्य नसते. त्याच्यासाठी फर्नेस किंवा फॅमिस्टुडिओ ही मोफत साधने पुरेशी आहेत, आणि पहिला आठवडा तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या बीपबॉक्सवरही काढता येतो. खरे यंत्र घ्यायचेच ठरले, तर लक्षात ठेवावे की लिटल साउंड डीजेच्या अनेक काडतुसांत, म्हणजे गेम बॉयमध्ये बसवायच्या कार्ट्रिजमध्ये, गाणी एका छोट्या बॅटरीच्या आधारावर टिकतात आणि ती संपली की गाणीही जातात. दर बैठकीनंतर प्रत संगणकावर उतरवून घ्यावी.

रचना बाहेर देण्यापूर्वी ती फोनच्या स्पीकरवर ऐकावी, कारण बहुतेक लोक ती तिथेच पहिल्यांदा ऐकतात. एनईएसचा खर्ज त्रिकोणी तरंगातून येतो. त्या तरंगात वरचे स्वरांश फार क्षीण असल्याने खालच्या सप्तकातला खर्ज फोनवर जवळजवळ नाहीसा होतो आणि उरतात ते चौकोनी आकाराच्या पल्स तरंगांचे टोकदार आवाज, जे पाच मिनिटांत कान शिणवतात. उपाय साधे आहेत: खर्ज एक सप्तक वर घेऊन पाहावा, मुख्य चालीच्या पल्स तरंगाची रुंदी पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवून तो पोकळ आणि मऊ करावा, आणि तीन स्वरांचा मेळ एकाच आवाजात झरझर फिरवण्याची जी खास चिपट्यून पद्धत आहे ती सबंध गाणेभर न वापरता मोक्याच्या जागी वापरावी. खेळाडू एखाद्या टप्प्यावर अडकला की तीच चाल अर्धा तास ऐकतो, हे विसरून चालणार नाही.

आता विक्री. अल्बमसाठी पहिले दुकान बँडकॅम्प हेच धरावे, कारण पैसे देऊन फाइल घेणारा श्रोता तिथे येतो. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, आणि विक्री ५ हजार डॉलरच्या वर गेली की १० टक्के. म्हणजे ७ डॉलरच्या अल्बममागे १ डॉलर ५ सेंट दुकानाचे आणि ५ डॉलर ९५ सेंट आपले. शंभर ग्राहक मिळाले तर ५९५ डॉलर, त्यातून पैसे पाठवणाऱ्या सेवेचे शुल्क वजा. किमान किंमत ठरवून त्याहून अधिक देण्याची मुभा ठेवावी, कारण या वर्तुळात चाहते ती मुभा खरोखर वापरतात. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणी जरूर ठेवावीत, पण ती ओळख वाढवण्यासाठी. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळाही ऐकले गेले नाही, त्याला मानधनच मिळत नाही, आणि नव्या चिपट्यून रचनाकाराची बरीचशी गाणी त्या रेषेखाली राहतात.

खरी मिळकत गेमच्या कामात आहे, त्यामुळे त्या बाजूला अधिक वेळ द्यावा. गेम बनवणारे भेटतात ते गेम जॅममध्ये. लुडम डेअर २००२ पासून चालू आहे आणि ग्लोबल गेम जॅम दर जानेवारीत भारतातही भरतो. दोन-तीन दिवसांत एक छोटा गेम तयार करायचा असतो, संगीतकार बहुतेक गटांना हवाच असतो आणि तो सहसा मिळत नसतो. पुण्यासारख्या शहरात, जिथून नॉडिंग हेड्सचा राजी हा गेम २०२० मध्ये जगभर गेला, अशी माणसे प्रत्यक्ष भेटू शकतात. जॅममधले काम विनामूल्य असते. तिथे मिळवायचे असते ते पुढचे आमंत्रण.

ते आमंत्रण टिकते ते फाइल कशा दिल्या यावर. गेममध्ये चाल सलग फिरत राहावी लागते, आणि एमपीथ्री या प्रकारात फाइलच्या सुरुवातीला व शेवटी सूक्ष्म निःशब्द जागा भरली जाते, त्यामुळे प्रत्येक फेरीला एक लहानसा खंड ऐकू येतो. म्हणून ओजीजी किंवा डब्ल्यूएव्ही द्यावी. सुरुवातीचा तुकडा आणि फिरणारा तुकडा वेगळा करून द्यावा, फाइलचे नाव पाहताच ती कोणत्या प्रसंगाची हे कळावे, आणि ताल, खर्ज व चाल यांचे स्वतंत्र थर सोबत असावेत, म्हणजे शत्रू समोर येताच तालाचा थर चढवणे बनवणाऱ्याच्या हाती राहते. ज्याने एकदा अशा फाइल मिळवल्या, तो दुसऱ्या गेमच्या वेळी दुसरा संगीतकार शोधत बसत नाही.

मोबदला संगीताच्या तयार मिनिटाच्या हिशेबाने सांगावा आणि दुरुस्तीच्या फेऱ्या किती, हे आधीच ठरवावे. त्याहून महत्त्वाचा मुद्दा हक्कांचा. शक्यतो संगीत गेममध्ये वापरण्याची परवानगी द्यावी आणि मालकी स्वतःकडे ठेवावी, म्हणजे अल्बम म्हणून ते आपल्याला विकता येते. समोरच्याला मालकीच हवी असेल, तर मोबदला वाढवून मागावा आणि अल्बमच्या विक्रीतला वाटा लेखी घ्यावा. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. या तरतुदी रचनाकाराच्या बाजूच्या आहेत, त्यामुळे परदेशी गेम कंपनी कायमची मुदत आणि सारे जग असे शब्द करारात घालू पाहील. ते मान्य करायचे की नाही, हे त्या शब्दांची किंमत ओळखून ठरवावे.

रचना कुणी परवानगीशिवाय वापरण्याचा धोकाही असतो, आणि चिपट्यूनच्या बाबतीत तो काल्पनिक नाही. २००७ मध्ये अमेरिकी निर्माता टिंबालंड याने फिनलंडच्या यान्ने सुनी यांची अमिगावरची रचना आपण निर्मिती केलेल्या गाण्यात वापरल्याचा आरोप झाला आणि प्रकरण अमेरिकी न्यायालयात गेले. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने त्या रचनेवर हक्क सांगणाऱ्या दावेदार कंपनीच्या विरोधात निकाल दिला, तो नक्कल झाली की नाही या प्रश्नावर नव्हे, तर दाव्यापूर्वी करायची कॉपीराइट नोंदणी सिद्ध झाली नाही या कारणाने. भारतात हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरीही मूळ ट्रॅकर फाइल, तारखांसह जुन्या आवृत्त्या आणि पहिल्या प्रकाशनाचा पुरावा जपून ठेवावा, आणि ज्या रचनेतून पैसा येऊ लागला आहे तिची नोंदणी करून टाकावी.

स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणी पोहोचवणाऱ्या वितरकाकडे ती देताना, व्हिडिओतले गाणे आपोआप ओळखणारी यूट्यूबची कंटेंट आयडी सेवा सुरू करायची का, असे विचारले जाते. गेमच्या संगीतासाठी ती बंदच ठेवावी. ती सुरू असली की गेम खेळतानाचे व्हिडिओ टाकणाऱ्यांवर आपोआप दावे जातात, त्यांची कमाई अडते, आणि ज्यांच्यामुळे गेम लोकांपर्यंत पोहोचतो तेच तो खेळणे सोडतात. गेम बनवणाऱ्याची नाराजी ओढवते ती वेगळीच.

मंचावरचे कार्यक्रम हा आनंदाचा भाग आहे, पण हिशेबात त्याला मागे ठेवावे. न्यूयॉर्कचा ब्लिप फेस्टिव्हल २००६ ते २०१२ असा चालला. अमेरिकेत आज मॅगफेस्टसारख्या गेम-संगीताच्या मेळाव्यात चिपट्यून ऐकायला मिळते. आपल्याकडे स्वतंत्र कार्यक्रम भरण्याइतका श्रोता अजून नाही, त्यामुळे गेम परिषदा, महाविद्यालयीन महोत्सव आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या रात्री यांत अर्ध्या तासाची जागा मागावी. गेम बॉय वाजवणार असाल, तर हेडफोनच्या छिद्रातून येणारी खरखर मोठ्या स्पीकरवर झाकली जात नाही, हे घरीच तपासून घ्यावे.

परदेशातून येणारा पैसा हा शेवटचा टप्पा. बँडकॅम्प पैसे पेपॅलमार्फत देते. भारतात पेपॅलची देशांतर्गत सेवा २०२१ मध्ये बंद झाली असली तरी परदेशातून पैसे स्वीकारता येतात. त्यासाठी पॅन, बँक खाते आणि पैसा कशाबद्दल आला हे सांगणारा पर्पज कोड द्यावा लागतो. स्टीमसारख्या अमेरिकी दुकानात साउंडट्रॅक विकताना डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी करासाठीचा फॉर्म भरावा. तो न भरल्यास अमेरिकेतील विक्रीवर ३० टक्के कर कापला जातो. भरल्यास भारत-अमेरिका कर-करारामुळे तो १५ टक्क्यांवर येतो, आणि कापलेला कर भारतातल्या विवरणपत्रात वजा मागता येतो. त्यासाठी प्रत्येक महिन्याचे विवरण उतरवून ठेवावे आणि पहिल्या वर्षी तरी सीएला दाखवावे.