गनमॅनच्या खांद्याला सोसेल असा बंदुकीचा पट्टा

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून पेन्शनवर आलेला माणूस बरेचदा बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना काढतो आणि कुठल्यातरी बँकेच्या दारात, साखर कारखान्याच्या गेटवर नाहीतर कॅश व्हॅनवर गनमॅन म्हणून उभा राहतो. मीही त्यातलाच. इन्फंट्रीत हवालदार होतो, आता सातारा शहरात बँकेची ड्युटी करतो. नव्याने लागलेली पोरं बंदूक घेताना नळी बघतात, लाकूड बघतात, किमतीसाठी दुकानदाराशी तासभर घासाघीस करतात. पट्टा मात्र दुकानदार जो हातात देईल तो घेऊन घरी येतात. या नोकरीत गोळी झाडायची वेळ बहुतेकांवर कधीच येत नाही. बंदूक खांद्यावर मात्र रोज असते. म्हणून पट्टा निवडताना बंदुकीइतकंच डोकं लावावं, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

दोन नळ्यांची बारा बोअर तीन किलोच्या वर भरते. .३१५ रायफल साधारण साडेतीन किलोच्या आसपास. फौजेतली एसएलआर रायफल भरलेली असली की पाच किलोच्या घरात जायची, तरी तिचा इतका त्रास होत नव्हता, कारण तिथे बंदूक सतत जागा बदलते. कधी हातात, कधी पाठीवर, कधी जमिनीवर. बँकेच्या दारात ती एकाच खांद्यावर, एकाच जागी लटकते. माझ्या एका सहकाऱ्याने एकदा शर्टाची कॉलर बाजूला करून खांदा दाखवला. मान आणि खांद्याच्या मधे, गळ्याच्या हाडाला लागून, बोटभर रुंद काळसर वळ पडला होता आणि संध्याकाळी करंगळीला मुंग्या येत होत्या. "दादा, लय ओढतंय बघा," म्हणाला. त्याचा पट्टा मी हातात घेऊन बघितला. एक इंची पातळ नायलॉन, वजन पडलं की कडा आत वळायच्या आणि पट्ट्याची दोरी व्हायची. बंदूक तीच ठेवून सव्वा इंची जाड सुती पट्टा लावला, खांद्यावर येणाऱ्या भागाखाली दोन इंची कातडी गादी शिवून घेतली. वळ हळूहळू गेला. मुंग्या येत असतील तर पट्टा तर बदलाच, पण डॉक्टरलाही दाखवा. ते अंगावर काढू नका.

रुंदीचा हिशेब सोपा आहे. बारा बोअर आणि .३१५ साठी सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर, पुरेशी. जुन्या ली-एनफिल्ड रायफलच्या, पट्टा अडकवायच्या कड्याही याच मापाच्या, त्यामुळे हे माप सगळीकडे बसतं. अख्खा पट्टा दोन इंची घेतलात तर तो कडीत गोळा होतो आणि सरकत नाही. रुंदी हवी ती फक्त खांद्यावर.

आता पट्ट्याचे प्रकार. आजकाल पोरं मोबाईलवर कमांडोंचे व्हिडिओ बघतात आणि एकाच ठिकाणी अडकवायचा पट्टा मागतात. तो आखूड कार्बाइनसारख्या शस्त्रासाठी आहे. लांब नळीची बंदूक त्याला लटकवली तर ती गुडघ्यावर आपटते आणि वाकलं की नळी वाटेल तिकडे फिरते. तीन ठिकाणी अडकवायचा पट्टा बंदुकीच्या अंगावरून जातो. .३१५ च्या बोल्टच्या, म्हणजे काडतूस भरायला मागेपुढे ओढायच्या दांड्यात तो गुंततो आणि बारा बोअर मोडून, म्हणजे नळी बिजागरीवर खाली वाकवून, काडतूस भरताना मधे येतो. आपल्या कामाला दोन कड्यांचा साधा पट्टाच बरा, एक कडी पुढे नळीखाली, एक बटाखाली, म्हणजे बंदुकीच्या मागच्या लाकडी भागाखाली. त्याच पट्ट्याने बंदूक खांद्याला लावता येते, पाठीवर आडवी टाकता येते, छातीवर आडवी घेता येते. त्यात एका हाताने सैल-घट्ट होणारं बकल असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या. हिवाळ्यात स्वेटरवर आणि पावसाळ्यात रेनकोटवर तोच पट्टा चालवायचा असतो, दर वेळी दोन्ही हातांनी पिना काढत कोण बसणार?

कापड कुठलं घ्यावं हे तुम्ही जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला ड्युटी करता यावर आहे. माण-खटावच्या उन्हात किंवा सांगलीकडे जत-आटपाडीला असाल तर सुती पट्ट्याला तोड नाही. घाम शोषतो, शर्टावरून घसरत नाही, मऊ पडत जातो. पण हाच पट्टा पाटण, महाबळेश्वरच्या पावसात भिजला की फुगतो, कडीत आवळून बसतो आणि वाळायला दिवस घेतो. तिकडे पॉलिएस्टरचा विणलेला पट्टा घ्या. तो नायलॉनसारखाच पाणी फार धरत नाही, पण ओला झाल्यावर नायलॉन थोडा ताणतो, हा तेवढा ताणत नाही. कृत्रिम धाग्याचा पट्टा घेताना कड अंगठ्याने घासून बघा. नखाला खरखरली तर दिवसभरात मानेची सालं काढेल.

रबरी स्पंजचा, ताणणारा पट्टा दुकानात खांद्यावर टाकला की फार हलका वाटतो. मी तो कुणालाही घेऊ देत नाही. चालताना बंदूक त्यावर वरखाली उसळते, बट कंबरेवर आपटतं आणि उन्हाळ्यात त्याखाली घामोळं येतं. पट्टा ताणणारा नसावा, यावर मी ठाम आहे.

चामडं दिसायला सगळ्यात रुबाबदार. घ्यायचं तर बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं जाड कातडं घ्या. कोल्हापुरी चप्पल करणारे कारागीर आपल्या शेजारीच आहेत, सांगितलं तर मापाने शिवून देतात. शिवताना मेण लावलेला जाड दोरा वापरायला सांगा आणि कडीजवळच्या घडीवर दुहेरी टीप मारून घ्या. सगळा भार तिथेच येतो.

लांबीचं माप दुकानात घेऊ नका, घरी घ्या. आधी बंदूक मोडून किंवा बोल्ट उघडून काडतूस नाही याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. मग जाड सुतळी घ्या, तिचं एक टोक बटाच्या कडीला बांधा. ड्युटीचा पूर्ण पोशाख घाला, बेल्ट आणि काडतुसाचा पट्टाही. बंदूक उजव्या खांद्यामागे उभी धरून घरातल्या कुणालातरी सुतळी पुढच्या कडीतून ओढायला सांगा. नळीचं तोंड डोक्याच्या थोडं वर आणि बट कंबरेखाली, मांडीच्या वरच्या भागाशी आलं की सुतळीला गाठ मारा. ही तुमची छोटी लांबी. मग बंदूक पाठीवर तिरकी टाका, डोकं आणि एक हात सुतळीतून बाहेर काढा आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधून बघा. छाती आवळली नाही, बंदूक पुढे घसरली नाही, की दुसरी गाठ. ही मोठी लांबी. या दोन्ही गाठींच्या मधे सरकणारा आणि मोठ्या गाठीच्या पुढे वीतभर शिल्लक राहणारा पट्टा तुमचा. पावसाळ्यासाठी हे सगळं रेनकोट घालून पुन्हा करा, फरक चांगलाच पडतो.

ती शिल्लक वीत मात्र मोकळी लोंबू देऊ नका. पट्टा लावून बंदूक आडवी धरा आणि लोंबणारं टोक ट्रिगरकडे ढकलून बघा. ते ट्रिगरगार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या आत शिरत असेल तर तेवढं कापा. नायलॉन किंवा पॉलिएस्टर असेल तर टोक मेणबत्तीवर शेकून बंद करा, सुती असेल तर दुमडून शिवा. इतका साधा प्रकार आहे, पण गाडीत चढताना झटक्यात बंदूक ओढली की हेच टोक घात करू शकतं.

पट्ट्याइतक्याच कड्या महत्त्वाच्या. .३१५ ला त्या बहुधा असतात. स्क्रू ढिला झालाय का, कडीचा तार आतून झिजून पातळ झालाय का, हे बोट फिरवून बघा. जुन्या बारा बोअरला पुष्कळदा कड्याच नसतात. अशा वेळी लोक बंदूक घेऊन थेट वेल्डिंगवाल्याकडे जातात. कृपा करून नळीला वेल्डिंग करू नका, भोक तर अजिबात पाडू नका. नळीची भिंत पातळ असते आणि आतला दाब प्रचंड. बटाच्या लाकडात स्क्रूची कडी परवानाधारक गनस्मिथकडून बसवून घ्या. पुढच्या बाजूला नळीवरून सरकवायचं चामडी कडं मिळतं, ते लावा. तेवढ्याने काम होतं.

वागवायची पद्धत ठिकाण बघून ठेवा. दारात उभं असताना नळी वर. मुसळधार पावसात उघड्यावर असाल तर नळी खाली, पाणी आत जात नाही, फक्त चिखलात टेकवू नका. कॅश व्हॅनमध्ये चढण्याआधी बंदूक खांद्यावरून उतरवून हातात घ्या. खांद्यावर ठेवून आत वाकलात की नळी मागच्या माणसाच्या तोंडासमोर येते. आणि दर तासाला खांदा बदला. पट्टा कितीही चांगला असला तरी हे सोडू नका.

शूटिंग शिकणाऱ्या मुलांचे पालक मला विचारतात म्हणून त्यांच्यापुरतं सांगतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि आपल्याकडच्या पुष्कळ घरांत रायफलचा विषय निघाला. त्या खेळातला पट्टा वेगळा. तो बंदूक लटकवायला नसतो. डाव्या दंडाला अडकवून रायफल स्थिर धरायला असतो, रुंदी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर, आणि फक्त झोपून व गुडघ्यावर बसून नेम धरताना चालतो. उभ्याने चालत नाही. १० मीटर एअर रायफल उभ्यानेच खेळतात, तेव्हा त्या मुलासाठी पट्टा घेऊच नका, ते पैसे जॅकेटला ठेवा. घ्यायची वेळ आली तर दंडावर पट्टा वरच्या बाजूला बसवून बघा. खाली सरकला की नाडीचे ठोके रायफलपर्यंत पोचतात आणि नेम ठोक्याठोक्याला हलतो.

राहिली निगा. सुती पट्टा साध्या साबणाने धुवून सावलीत वाळवा. चामड्याला पावसाळ्याआधी आणि नंतर हलका तेलाचा हात द्या, बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून हवेशीर टांगा. रात्री बंदूक ठेवताना चामडी पट्टा नळीला गुंडाळू नका. कातड्यातला ओलावा आणि कमावणीतलं आम्ल मिळून त्या जागी गंज धरतं. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली की पट्टा काढून घरी ठेवा आणि नळीला तेल लावूनच बंदूक द्या. परत आणल्यावर पट्टा चढवण्याआधी दोन्ही कड्यांचे स्क्रू आवळा, कडीजवळची शिवण दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघा. एक जरी टाका सुटलेला दिसला तर तो पट्टा ड्युटीवर नेऊ नका. आधी शिवून घ्या, मगच बंदूक खांद्यावर टाका.