अंगावर पाजणारी आई आणि मद्य : या चुका टाळा

बाळाला अंगावर पाजण्याच्या काळात मद्य न घेणे सर्वांत सुरक्षित, हा वैद्यकीय सल्ला स्पष्ट आहे. तरीही एखाद्या प्रसंगी आई थोडे मद्य घेते आणि दोन तासांनी बाळ भुकेने रडू लागले की तिला काय करावे ते सुचत नाही. अशा वेळी होणाऱ्या अनेक चुकांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो : मद्य दुधात एकदा उतरले की ते दूध बाहेर काढेपर्यंत तिथेच राहते. प्रत्यक्षात अल्कोहोल रक्तातून दुधात सहज जाते आणि रक्तातील प्रमाण उतरू लागले की तितक्याच सहजपणे दुधातून रक्तात परतते. त्यामुळे कोणत्याही क्षणी आईच्या रक्तात अल्कोहोलचे जे प्रमाण असते, जवळजवळ तेच तिच्या दुधातही असते.

दूध पिळून फेकले की झाले, असे समजणे

ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. मद्य घेतल्यावर आई पंपाने दूध काढते, ते ओतून देते आणि आता नवे दूध शुद्धच असणार या विश्वासाने बाळाला लगेच पाजते. पण रक्तात अल्कोहोल असेपर्यंत नव्याने तयार होणाऱ्या दुधातही ते येतच राहते, म्हणून पिळल्याने दूध लवकर स्वच्छ होत नाही. उलट पुरेसा वेळ गेला असेल, तर स्तनातील दूध फेकण्याचे काही कारण उरत नाही. दूध पिळण्याचा उपयोग वेगळा आहे. पाजण्याची वेळ टळल्याने स्तन दाटून ठणकू लागले, तर आराम पडावा आणि दूध कमी होऊ नये म्हणून ते जरूर पिळावे. मात्र त्या वेळी काढलेले दूध साठवून नंतर पाजू नये, कारण शरीराबाहेर आलेल्या दुधातील अल्कोहोल परत रक्तात जाऊ शकत नाही आणि फ्रिजमध्ये ठेवल्यानेही ते नाहीसे होत नाही.

ग्लास मोजणे, अल्कोहोल न मोजणे

‘एकच ग्लास घेतला’ या वाक्यातून फारसे काही कळत नाही. पाच टक्क्यांची सुमारे ३५० मिलिलिटर बिअर, बारा टक्क्यांची सुमारे १५० मिलिलिटर वाइन आणि चाळीस टक्क्यांचे सुमारे ४५ मिलिलिटर कडक मद्य यांत अल्कोहोल साधारण सारखेच, म्हणजे १४ ग्रॅमच्या आसपास असते. घरी अंदाजाने भरलेल्या मोठ्या ग्लासात याच्या दुप्पटही मावते. अशा एका मापाचा अंश दुधातून जायला साधारण दोन ते तीन तास लागतात, दोन मापांना चार ते पाच आणि तीन मापांना सहा ते आठ तास. आईचे वजन कमी असेल तर वेळ वाढू शकतो. रिकाम्या पोटी घेतल्यास अल्कोहोलचे प्रमाण अर्ध्या ते एका तासात, तर जेवणाबरोबर घेतल्यास एक ते दीड तासात शिगेला पोहोचते. म्हणजे घेतल्यानंतरचा पहिला दीड तास पाजण्यासाठी विशेष वाईट असतो. हे सर्व आकडे सरासरीचे आहेत, त्यामुळे शेवटच्या घोटापासून वेळ मोजणे शहाणपणाचे ठरते.

कडक कॉफी, भरपूर पाणी, गार पाण्याने अंघोळ किंवा व्यायाम यांपैकी कशानेही हा वेळ कमी होत नाही. यकृत आपल्या गतीनेच काम करते.

दूध वाढावे म्हणून बिअर पिणे

हा समज जुना आहे आणि त्यात सत्याचा एक कण असू शकतो, कारण बिअर ज्यापासून बनते त्या जवातील काही घटक दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला चालना देतात असे मानले जाते. पण तो गुण अल्कोहोलचा नाही. अल्कोहोल दूध बाहेर सोडणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक दाबते आणि त्यामुळे पान्हा फुटायला उशीर होतो. संशोधक ज्युली मेनेला व त्यांच्या सहकाऱ्याने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आईने मद्य घेतल्यानंतर बाळे सुरुवातीला अधिक वेळा चोखत होती, पण त्यांच्या पोटात दूध मात्र कमी गेले. छाती भरल्यासारखी वाटते, बाळ जोर लावून ओढते आणि तरी त्याचे पोट भरत नाही. दूध वाढवायचे असेल तर बाळाला वारंवार आणि नीट पकड घेऊन पाजणे हाच खात्रीचा उपाय आहे.

बाळ शांत झोपले म्हणून निर्धास्त होणे

आईने मद्य घेतल्यानंतर पाजलेले बाळ पेंगते, पण त्याची झोप तुटक होते आणि एकूण झोप कमी भरते. दुधातून जाणारी मात्रा आईने घेतलेल्या मद्याच्या मानाने थोडी असते हे खरे. तरी नवजात बाळाचे यकृत अपरिपक्व असल्याने ते अल्कोहोलचा निचरा प्रौढापेक्षा बऱ्याच मंद गतीने करते. म्हणून पहिल्या महिन्यांत, आणि विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत, सवलत घेऊच नये.

मद्य घेऊन बाळाला शेजारी झोपवणे

माझ्या मते ही सर्वांत घातक चूक आहे आणि तिचा दुधाशी संबंधही नाही. एरवी कुशीतल्या बाळाच्या जराशा हालचालीने आईला जाग येते; मद्यामुळे ती जाग मंदावते, आणि बाळ अंगाखाली किंवा पांघरुणात गुदमरण्याचा, तसेच अर्भकाच्या आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो. हा नियम वडिलांनाही तितकाच लागू आहे. सोफ्यावर बाळाला घेऊन डोळा लागू देणे तर त्याहून धोक्याचे आहे. त्या रात्री बाळ स्वतःच्या पाळण्यात, पाठीवर झोपलेले असावे आणि त्याची जबाबदारी मद्य न घेतलेल्या माणसाकडे असावी.

अपराधी वाटून पाजणे बंद करणे

एकदा मद्य घेतले म्हणून अंगावरचे दूध तोडण्याची गरज नसते. रोजची सवय, थांबता न येणे किंवा पिण्याचे प्रमाण वाढत जाणे ही गोष्ट वेगळी. ती डॉक्टरांपासून लपवू नये, कारण त्यावर उपचार आहेत आणि बाळाची वाढ त्यावर अवलंबून असते. गुंगी आणणारी औषधे किंवा मेट्रोनिडॅझोल हे जंतुसंसर्गावरचे औषध चालू असताना मद्य घेऊ नये, हेही ध्यानात असावे.

प्रसंग आधीच माहीत असेल, तर बाळाला पाजूनच बाहेर पडावे आणि अगोदर काढलेले दूध फ्रिजमध्ये ठेवावे; ते चार दिवस टिकते. वेळ पूर्ण होण्याआधी बाळाला भूक लागली, तर हेच दूध द्यावे, नसल्यास बाळाच्या वयाला योग्य असे फॉर्म्युला दूध द्यावे. चुकून आधीच पाजले गेले असेल, तर बाळाकडे लक्ष ठेवावे : ते उठवूनही जागे होत नसेल, चोखण्यात जोर नसेल, अंग ढिले पडले असेल किंवा श्वास वेगळा वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे आणि मद्य किती व केव्हा घेतले ते संकोच न करता सांगावे.